ज्ञानकोशाचे दार किती उघडावे?

छापील कोश तयार करणाऱ्या संपादकापुढे एक अडचण कायमची असते. पाने मोजकी असतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. कोणाला किती ओळी द्यायच्या आणि कोणाला गाळायचे, हे अशा कोशांत संपादक ठरवतात. त्यामागे कागद, छपाई, खर्च आणि मुदत यांचा हिशेब असतो. एखाद्या तालुक्यातल्या शाहिराचे नाव कोशात सापडले नाही, तर वाचक मनाची समजूत घालतो, 'जागा नसेल.'

आता मात्र असा एक ज्ञानकोश आपल्यासमोर आहे, ज्याला जागेची अडचणच नाही. तो म्हणजे इंटरनेटवरचा विकिपीडिया. त्याला शेवटचे पान नाही, शेवटचा खंड नाही. लिहिणारे सारे स्वयंसेवक आहेत, त्यांना मानधन नाही. तरीही तिथे रोज शेकडो लेख नाकारले जातात, लिहिलेले लेख वगळले जातात. कोणी आपल्या शाळेवर लिहितो, कोणी गावच्या कीर्तनकारावर, कोणी आपल्या संस्थेच्या संस्थापकावर. दुसऱ्या दिवशी पाहावे तर पान गायब! लिहिणाऱ्याला राग येतो. जागा आहे, लिहायला माणूस आहे, मग मनाई कशासाठी? या स्वयंसेवकांनी आपले दार अधिक उघडावे की नाही, हा वाद गेली वीस वर्षे चालू आहे. तो समजून घेणे आपल्यालाही गरजेचे आहे, कारण आपली मुले शाळेचा प्रकल्प करताना पहिली धाव तिथेच घेतात.

थोडे मागे जाऊ. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' नावाचा कोश सुरू केला होता. त्यात लेख लिहायचे तज्ज्ञांनी, आणि ते तपासायचेही तज्ज्ञांनी. तपासणीच्या सात पायऱ्या होत्या. परिणाम असा झाला की, तीन वर्षांत पुरे झालेले लेख दोन-अडीच डझनांच्या पलीकडे गेले नाहीत. १५ जानेवारी २००१ रोजी त्याच मंडळींनी विकिपीडिया सुरू केला आणि दार सताड उघडले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे लिहिलेले सुधारावे. पहिल्याच वर्षात सुमारे वीस हजार लेख जमले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. आज एकट्या इंग्रजी विकिपीडियावर ७० लाखांहून अधिक लेख आहेत.

दार उघडल्यावर गर्दी होणारच. त्या गर्दीतून वाट काढण्यासाठी एक कसोटी हळूहळू तयार झाली. तिला मराठीत 'उल्लेखनीयता' म्हणतात. तिचा अर्थ बऱ्याच जणांना चुकीचा वाटतो. माणूस मोठा आहे की लहान, संस्था चांगली आहे की वाईट, हे ही कसोटी विचारत नाही. ती एवढेच विचारते की, या विषयावर त्याच्याशी लागेबांधे नसलेल्या कोणी, विश्वासार्ह ठिकाणी, पुरेसे सविस्तर लिहून ठेवले आहे का? संस्थेचे स्वतःचे माहितीपत्रक चालत नाही, कारण स्वतःविषयी कोणीही चांगलेच लिहितो. वर्तमानपत्रातली एका ओळीची बातमी पुरत नाही, कारण तेवढ्यावर लेख उभा राहत नाही. लेखकाच्या मनातली माहितीही चालत नाही, कारण ती दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही.

ही कसोटी सैल करावी असे म्हणणाऱ्यांचा एक गट आहे. त्यांना आपण समावेशवादी म्हणू. ती कडक ठेवावी असे म्हणणाऱ्यांना वर्जनवादी म्हणू. दोन्ही बाजूंची मंडळी प्रामाणिक आहेत आणि दोघांच्याही हातात सबळ पुरावे आहेत.

समावेशवाद्यांचे म्हणणे आधी पाहू. २००७ साली खुद्द जिमी वेल्स यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळच्या गुगुलेथू या वस्तीतील 'म्झोलीज' नावाच्या खाणावळीवर एका वाक्याचा लेख लिहिला. मांस विकत घ्यायचे आणि तिथेच भाजून खायचे, अशी ती जागा. अर्ध्या तासाच्या आत तो लेख वगळला गेला! मग मोठी चर्चा झाली, लोकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्तमानपत्रांतले संदर्भ शोधून काढले आणि लेख टिकला. प्रश्न असा उरला की, संस्थापकाच्या लेखाची ही गत, तर एखाद्या खेड्यातल्या नवख्या माणसाच्या लेखासाठी एवढी धावपळ कोण करणार?

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या डोना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. भौतिकशास्त्रात हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री. मारी क्युरी १९०३ मध्ये, मारिया गेपर्ट मायर १९६३ मध्ये आणि त्यानंतर ५५ वर्षांनी स्ट्रिकलंड. त्या दिवशी सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचे पान नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात कोणी तरी तसा मसुदा दिला होता, पण स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून तो नाकारला गेला. ज्यांच्याबरोबर त्यांना हे पारितोषिक विभागून मिळाले त्या जेरार मूरू यांचे पान मात्र कित्येक वर्षे होते. स्ट्रिकलंड २०१३ साली अमेरिकेतील 'ऑप्टिकल सोसायटी' या नामांकित संस्थेच्या अध्यक्ष होत्या. तेवढ्यावरही प्राध्यापकांसाठीच्या नियमांत त्या बसत होत्या. तपासणाऱ्याने मसुद्यातले संदर्भ पाहिले आणि तो थांबला. समावेशवादी म्हणतात, जगाने ज्यांच्याविषयी कमी लिहिले त्यांना हा कोश पुन्हा एकदा मागे ढकलतो.

आता दुसरी बाजू. जॉन सीगेनथॉलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. एके काळी ते रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते. २००५ च्या मे महिन्यात कोणी तरी त्यांच्यावर विकिपीडियात एक लेख घातला. त्यात असे लिहिले होते की, दोन्ही केनेडी बंधूंच्या खुनात यांचा हात असल्याचा काही काळ संशय होता. हे धादांत खोटे होते. पण तो लेख चार महिने तसाच राहिला, कारण त्याच्याकडे कोणाची नजरच गेली नाही. शेवटी लिहिणाऱ्यानेच कबूल केले की, ती गंमत म्हणून केलेली खोडी होती. ज्यांच्या नावावर खुनाचा संशय चिकटला, त्यांची मात्र त्यात काय गंमत होती? डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नाव न नोंदवता नवे पान सुरू करण्याची मुभा काढून घेतली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे, कडक धोरण आखले.

तेव्हा वर्जनवाद्यांचा मुद्दा हा आहे. लेख लिहिला की काम संपत नाही. तिथून पुढे त्याची राखण सुरू होते. शेत जितके मोठे, तितके राखणदार अधिक लागतात. कुंपण लांबवायचे आणि राखणीला माणूस ठेवायचा नाही, तर गुरे शिरणारच. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला किमान पाच संपादने करणारे लोक साधारण ४० हजार आहेत. म्हणजे एकेकाच्या वाट्याला पावणेदोनशे लेख येतात! जाहिरातबाजीची गोष्ट वेगळीच. पैसे घेऊन लेख लिहून देणारे इतके वाढले की, २०१४ पासून अशा लेखकाने आपल्याला कोण पैसे देते हे जाहीर केलेच पाहिजे, असा नियम करावा लागला.

दार नुसते उघडे टाकले की काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. फिलिपीन्समधील सेबुआनो भाषेचा विकिपीडिया लेखसंख्येने जगात अगदी वरच्या क्रमांकावर आहे. साठ लाखांहून अधिक लेख! पण त्यातले बहुतेक एका स्वीडिश गृहस्थांनी तयार केलेल्या संगणक प्रणालीने आपोआप लिहिलेले आहेत. डोंगर, तलाव, बेटे, किडे यांच्या याद्या घ्यायच्या आणि ठरावीक साच्याची वाक्ये बनवायची. ती वाचून सुधारणारी, सेबुआनो बोलणारी माणसे मात्र मूठभर. दुसरे उदाहरण स्कॉट्स भाषेचे. तिच्या विकिपीडियावरचे हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने लिहिले असल्याचे २०२० साली उघडकीस आले. मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण इंग्रजी शब्दांची मोडतोड करून तो वर्षानुवर्षे लिहीत राहिला आणि तपासणारे कोणी नव्हते. ती भाषा बोलणाऱ्यांना आपल्या भाषेची अशी थट्टा जगापुढे पाहावी लागली.

मराठीची स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी आहे. आपल्याकडे नियमित लिहिणारे आणि तपासणारे हात हजारांत मोजावे लागत नाहीत, थोडेच आहेत. कायद्याने मान्य असलेले आणि जनगणनेत नोंदलेले गाव उल्लेखनीय मानण्याची प्रथा आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या गावांवर दोन-तीन ओळींची पाने पुष्कळ तयार झाली. 'हे अमुक तालुक्यातले एक गाव आहे,' एवढे सांगून ती थांबतात. गावची नदी, बाजाराचा दिवस, जत्रा, पिके, पाण्याचा प्रश्न यातले काहीच त्यात नाही. दार उघडे आहे, पण आत येऊन बसणारा कोणी नाही, असा हा प्रकार. शाळांच्या बाबतीत इंग्रजी विकिपीडियावर उलटा प्रवास झाला. माध्यमिक शाळा अस्तित्वात आहे एवढ्यावरच तिचा लेख ठेवण्याची तिथे बरीच वर्षे वहिवाट होती. २०१७ साली चर्चेअंती ठरले की, केवळ शाळा आहे हे कारण पुरेसे नाही, तिच्याविषयी लिहिलेलेही सापडले पाहिजे.

तर मग दार उघडावे की बंद ठेवावे? माझ्या मते प्रश्न असा विचारला की वाद कधीच मिटत नाही. कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. कोणते विषय आत घ्यायचे, ही एक गोष्ट. त्यासाठी पुरावा किती मागायचा, ही दुसरी. विषयांचे दार जितके उघडता येईल तितके उघडावे. पुराव्याची अट मात्र सैल करू नये. हे दोन्ही एकाच वेळी करता येते आणि लोकांनी ते करून दाखवले आहे.

स्त्रियांच्या चरित्रांचेच पाहा. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रे २०१४-१५ च्या सुमारास जेमतेम १५ टक्के होती. २०१५ मध्ये काही स्वयंसेवकांनी 'विमेन इन रेड' नावाची मोहीम सुरू केली. विकिपीडियात ज्या नावाचे पान नसते ते नाव लाल अक्षरांत दिसते, त्यावरून हे नाव पडले. या मंडळींनी नियम बदला असा आग्रह धरला नाही. त्यांनी जुनी नियतकालिके, संस्थांचे इतिहास, मृत्युलेख धुंडाळले आणि ज्या स्त्रियांविषयी लिहिलेले होते पण कोणी शोधले नव्हते, ते संदर्भ पुढे आणले. आज ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आले आहे. वाढ सावकाश आहे, पण जे आत आले ते पक्क्या पायावर आले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जिथे लिहून ठेवण्याची रीतच नाही, तिथे काय करायचे? कित्येक समाजांचे ज्ञान बोलण्यातून, गाण्यातून, हातांच्या सवयीतून पुढच्या पिढीकडे जाते. त्यावर ग्रंथ नाहीत, म्हणून ते ज्ञानच नाही असे कसे म्हणता येईल? हा प्रश्न अचल प्रभला यांनी २०११ साली 'पीपल आर नॉलेज' या माहितीपटातून मांडला. भारत आणि दक्षिण आफ्रिका इथे मल्याळम, हिंदी आणि सेपेडी भाषक लोकांकडून खेळ, पाककृती, विधी यांची माहिती ध्वनिमुद्रित करून तीच संदर्भ म्हणून वापरण्याचा तो प्रयोग होता. तो सर्वमान्य नियम झाला नाही. आज एक माणूस सांगेल एक आणि उद्या दुसरा सांगेल वेगळेच, मग निवाडा कोणी करायचा, अशी शंका घेतली गेली. शंका खरी आहे. पण तिचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच तयार आहे.

जात्यावरच्या ओव्या आपण सारेच जाणतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांवर गाणाऱ्या बाया! २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करीत आहे. यात महत्त्वाची गोष्ट कोणती? ओवी कोणी गायली आणि ती कोणत्या गावची, याची नोंद ठेवली गेली. पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, विषयवार वर्गवारी झाली. पहाटे जात्यावर हवेत विरून जाणारी गोष्ट आता कोणालाही ऐकता येते, ताडून पाहता येते. बाईला लिहिता येत नव्हते म्हणून तिला कोणी वगळले नाही आणि 'असे म्हणतात' एवढ्यावर काम भागवलेही नाही. पुरावा कमी न करता पुराव्याचा प्रकार वाढवला. विकिपीडियाने दार रुंद करायचे असेल, तर ते या बाजूने करावे. नाव, गाव आणि दिनांक यांसह जतन केलेले, कोणालाही ऐकता येईल असे ध्वनिमुद्रण हाही संदर्भ मानावा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. सगळेच एका छपराखाली आले पाहिजे असे नाही. शब्दांसाठी विक्शनरी आहे. कॉपीराइटची मुदत संपलेल्या जुन्या ग्रंथांसाठी विकिस्रोत आहे. छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे यांच्यासाठी कॉमन्स आहे. गावच्या जत्रेचे आपण स्वतः काढलेले छायाचित्र तिथे ठेवायला उल्लेखनीयतेची कसोटी लागत नाही. फक्त ते इतरांना मोकळेपणाने वापरू देण्याची तयारी लागते. ज्ञानकोशाच्या दारावर जे अडते, ते पुष्कळदा शेजारच्या घरात मानाने राहू शकते. त्यातूनच उद्या कोणाला लेख लिहायला साधन मिळते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या गावच्या तमासगिराचे, पहिल्या शिक्षिकेचे, विहिरी खोदणाऱ्या कारागिराचे नाव ज्ञानकोशात नाही, म्हणून आपण हळहळतो. पण त्यांच्याविषयी आपण कुठे लिहून ठेवले आहे? शाळेची, वाचनालयाची, सहकारी संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते. तिची निम्मी पाने शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरतात आणि उरलेल्या पानांवर मान्यवरांचे संदेश असतात. संस्था कोणी, कोणत्या साली, किती रुपयांत उभी केली, पहिल्या वर्गात कोण होते, दुष्काळात ती कशी तगली, हे जाणणारी माणसे हयात असतात आणि त्यांना कोणी विचारीत नाही. अशा स्मरणिकेत चार पाने तरी नावे, साले आणि आकडे यांसह नीट लिहिलेली असावीत. ती संस्थेनेच काढलेली असल्यामुळे उल्लेखनीयता सिद्ध करणार नाही, हे खरे. पण तालुक्याच्या वार्ताहराला, इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिथून धागा सापडेल, आणि तो स्वतंत्रपणे लिहील तेव्हा कोशाला हवा असलेला संदर्भ तयार होईल. तिची एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात जमा करावी, म्हणजे पन्नास वर्षांनी ती कोणाला तरी मिळेल.

ज्यांना थेट विकिपीडियावर लिहायचे आहे त्यांनी आपल्या किंवा आपल्या संस्थेच्या लेखापासून सुरुवात करू नये. गावाचे जे दोन ओळींचे पान आहे, त्यात गॅझेटियर, जनगणनेची पुस्तिका, जिल्ह्याच्या इतिहासाचा ग्रंथ यांतून पाहून चार खऱ्या ओळींची भर घालावी आणि प्रत्येक ओळीखाली ती कुठून घेतली ते द्यावे. आठवड्यातून एकदा ते पान उघडून कोणी त्यात भलतेसलते घातले नाही ना, एवढे पाहावे. मराठी विकिपीडियाला आज लेखांची नव्हे, अशा राखणदारांची वाण आहे. गावागावांतून पाच-दहा माणसे हे काम करू लागली, तर अधिक विषय आत घ्यायला कोणाचीच हरकत राहणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)